काकांच्या प्रेसची एक्सपी : स्थलांतराच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार. मिरज

काकांच्या प्रेसमधला कंपोझिंगचा पीसी सकाळी तीन-चार वेळा बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही, हे दोन महिने फोनवर ऐकत होतो. आज झाकण उघडलं. मदरबोर्डवरचे चार कपॅसिटर पुरीसारखे टम्म फुगलेत, एकाच्या डोक्यातून तपकिरी चीक बाहेर आलाय. हार्ड डिस्क मधूनच घसा खाकरल्यासारखा आवाज करते.

ऐवज असा: पेंटियम ४, व्हीआयए चिपसेटचा बोर्ड, ५१२ एमबी रॅम, चपट्या पट्ट्याची ४० जीबी आयडीई डिस्क, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३. आत पानं लावायचा प्रोग्राम पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टांचं एक जुनं पॅकेज. ते पॅकेज चालायला मागे पॅरलल पोर्टात, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या रुंद खाचेत, डोंगल (परवान्याची किल्ली असलेला छोटा ठोकळा) लावलेला हवा. नव्या बोर्डांवर हा पोर्ट शोधूनही सापडत नाही.

नवीन पीसी घ्या आणि युनिकोडवर, म्हणजे अक्षरांच्या आजच्या सर्वमान्य कोडांवर, या, हे मीच काकांना चार वर्षं सांगतोय. पण वीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, बिलबुकं यांचं काय करायचं? या जुन्या फॉन्टांत अक्षर साठवलेलंच नसतं, त्याचे तुकडे साठवलेले असतात. ‘ग’ म्हणजे अर्धा ग आणि पुढे काना, दोन वेगळे कोड, तेही इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेले. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण पेजमेकरची मांडणी त्यातून जशीच्या तशी येत नाही. आणि सगळा मजकूर पुन्हा वाचायला माणूस कुठून आणायचा?

म्हणून ठरलं: अख्खा पीसीच उचलायचा आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे नव्या पीसीत प्रोग्रामने उभ्या केलेल्या खोट्या पीसीत, ठेवायचा. यंदा शुक्राच्या अस्तामुळे मे-जूनला लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नाहीत, पत्रिकांचं काम थंड आहे. जुलैचे मुहूर्त सुरू व्हायच्या आत उरकायला हवं.

डिस्क काढून घेतली. डोंगल मात्र काकांनी दिला नाही. “ते हरवलं तर माझं दुकान गेलं. तू तुझं काय ते करून आण, हे इथंच राहील.”

९ जून

रात्रभर डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचवणारं साधन चालवून डिस्कची प्रतिमा, म्हणजे तिची नक्कल असलेली एक फाइल, काढली. डिस्क टेबलावर उघडी, तिच्यावर टेबल फॅन. पहिल्या फेरीत खराब जागा टाळून पुढे जायचं, मग टाळलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न करायचा. डिस्क तापायच्या आत जेवढं मिळेल तेवढं हातात येतं, हा या साधनाचा मोठा गुण.

७,८१,६५,३६० सेक्टरांपैकी (डिस्कवरचे छोटे कप्पे) १६ सोडून सगळे आले. दोन ठिकाणी आठ-आठ सेक्टरांचे डाग. कोणत्या फायलीवर पडलेत ते काढता येतं. एक्सपीच्या काळात पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं आणि ४ केबीच्या एका क्लस्टरमध्ये ८ सेक्टर असतात. दुसरा डाग सेक्टर २,६२,९९,४१५ पासून. त्यातून ६३ वजा, भागिले ८, म्हणजे क्लस्टर ३२,८७,४१९. तो कोणाचा, असं एनटीएफएस (एक्सपीची डिस्कवर फायली ठेवायची पद्धत) वाचणाऱ्या साधनाला विचारलं.

पहिला डाग पेजफाइलमध्ये, विंडोजच्या तात्पुरत्या मेमरीच्या फायलीत होता, म्हणजे कचऱ्यात. दुसरा २००९ सालच्या एका शाळेच्या स्मरणिकेच्या पेजमेकर फायलीत. नोंद करून ठेवतो, काकांना आत्ताच सांगत नाही.

मूळ प्रतिमेला आता हात लावायचा नाही. तिच्यावर फक्त बदल साठवणारा क्यूकाऊ-२ चा पातळ थर टाकायचा आणि प्रयोग त्या थरावर. बिघडलं की थर फेकायचा, नवा टाकायचा.

११ जून, पुणे

काकांसाठी जुळवलेला नवा होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन पोटात घेणारा पीसी: रायझन ५, १६ जीबी रॅम, डेबियन १२ लिनक्स, व्हर्च्युअल मशीन चालवणारे क्यूईएमयू आणि केव्हीएम, वरून ते हाताळायला व्हर्ट-मॅनेजर. थराची फाइल दिली, गेस्टला, म्हणजे आतल्या एक्सपीला, १ जीबी रॅम आणि एकच प्रोसेसर दिला, चालू केलं.

एक्सपीचा काळा पडदा, खाली सरकणारी निळी पट्टी, मग क्षणभर काहीतरी निळं चमकलं आणि मशीन पुन्हा सुरू. परत तेच. एक्सपी क्रॅश झाली की स्वतःच रीस्टार्ट होते, आणि तो पडदा वाचायच्या आत जातो. मी मोबाइल धरून स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं, मग एकेक फ्रेम पुढे सरकवत आकडा वाचला. हे सगळं झाल्यावर आठवलं की सर्व्हिस पॅक २ पासून एफ-८ च्या मेनूत ‘क्रॅश झाल्यावर आपोआप रीस्टार्ट करू नको’ असा पर्यायच आहे. असो.

स्टॉप ७बी. बूट डिस्क सापडत नाही.

कारण उघड होतं. गेस्ट कोणती ते मी व्हर्ट-मॅनेजरला सांगितलं नव्हतं, त्याने आपल्या मनाने आजच्या पद्धतीचं क्यू-३५ मशीन आणि साटा डिस्क दिली. एक्सपीला साटाचा कंट्रोलर, म्हणजे डिस्क जोडणारी चिप, ओळखता येत नाही, तिच्यासोबत त्याचा ड्रायव्हरच आला नव्हता.

१२ जून

मशीनचा प्रकार बदलून जुना आय-४४०एफएक्स केला, डिस्क आयडीईवर घेतली. पुन्हा ७बी.

इथे जरा थांबलो. आयडीई तर जुन्या पीसीतही होतं, मग अडलं कुठे? अडलं ते नावावर. जुन्या बोर्डावरचा कंट्रोलर व्हीआयएचा. क्यूईएमयू जो दाखवतो तो इंटेलचा पीआयआयएक्स ३, विक्रेता ८०८६, उपकरण ७०१०. विंडोज पूर्ण जागी झाली की नवं उपकरण ओळखून ड्रायव्हर शोधते, पण हे उपकरण ओळखल्याशिवाय तिला स्वतःच्या फायलीच वाचता येत नाहीत. त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, ‘क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेस’ नावाची छोटी यादी असते: बूट होताना अमुक कंट्रोलर दिसला तर तमुक ड्रायव्हर लाव. काकांच्या यादीत पीआयआयएक्स ३ नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या ३१४०८२ क्रमांकाच्या लेखात नेमका हाच प्रकार होता: एक्सपीची डिस्क दुसऱ्या पीसीला लावल्यावर येणारी ७बी.

साधारणपणे ही दुरुस्ती जुन्या पीसीवर विंडोज चालू असतानाच करून घेतात, मग डिस्क काढतात. मी डिस्क आधी काढली. आता सगळं बाहेरून, मुडद्यावर शस्त्रक्रिया केल्यासारखं.

१५ जून, शनिवार

सकाळचे चार तास वाया गेले, आणि चूक शंभर टक्के माझी.

थर लिनक्सवर जोडला. विंडोजच्या ‘ड्रायव्हर कॅश’ फोल्डरमधल्या कॅब फायलीतून इंटेल-आयडीईचा ड्रायव्हर बाहेर काढून ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये ठेवला. मग हाइव्हेक्स वापरून ‘सिस्टिम’ नावाची रजिस्ट्रीची फाइल उघडली. यादीत ८०८६-७०१० ची नोंद केली, सेवेचं, म्हणजे त्या ड्रायव्हरचं, नाव लिहिलं, सेवेचं ‘स्टार्ट’ शून्यावर आणलं, म्हणजे बूटच्या क्षणीच चढ. थर सोडवला, मशीन चालू. ७बी. पुन्हा उघडून प्रत्येक अक्षर तपासलं. बरोबर. चालू. ७बी. थर फेकून सगळं पहिल्यापासून केलं. ७बी.

जेवल्यावर सुचलं. चालू विंडोजमध्ये आपण ‘करंट कंट्रोल सेट’मध्ये बदल करतो. पण तशी चावी डिस्कवर नसतेच, ती विंडोज चालू असताना दिसणारी सावली. डिस्कवर असतात ००१, ००२, ००३ असे क्रमांकाचे संच, आणि त्यातला सध्याचा कोणता ते शेजारच्या ‘सिलेक्ट’ नावाच्या चावीत लिहिलेलं असतं. मी न बघता ००१ मध्ये बदल करत होतो. सिलेक्ट उघडलं: करंट ३. गेल्या काही महिन्यांत काकांनी पीसी उठेना म्हणून कधीतरी ‘शेवटची चांगली स्थिती’ निवडली असणार, आणि संच सरकला.

तेच बदल ००३ मध्ये केले. थर सोडवायला विसरलो, त्यामुळे क्यूईएमयूने ‘लिहिण्याचं कुलूप मिळत नाही’ म्हणून मशीन चालूच होऊ दिलं नाही. बरं झालं. दोघांनी एकदम लिहिलं असतं तर थर गेलाच असता. सोडवलं. चालू केलं.

निळी पट्टी तीनऐवजी अकरा वेळा सरकली. मग निळा पडदा. पण आता ७ई! आकडा बदलला याचा एवढा आनंद मला बरेच दिवसांत झाला नव्हता. काकांना फोन केला तर म्हणाले, “म्हणजे चालू झालं?” नाही म्हटलं, वेगळ्या कारणाने बंद पडलं. “मग हसायलायस कशाला?”

१६ जून

७ई लवकर सुटली. पडद्यावर इंटेलपीपीएमचं नाव होतं. हा इंटेलच्या प्रोसेसरची वीज आणि वेग सांभाळणारा ड्रायव्हर, पेंटियम ४ वर बसवताना विंडोजने घेतलेला. खाली आता एएमडीचा रायझन आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही. सेफ मोडमध्ये तो चढत नाही, म्हणून सेफ मोड नीट चालू झाला, तिथे डेस्कटॉपही दिसला. त्या सेवेचं ‘स्टार्ट’ ४ वर नेलं, म्हणजे बंद.

साधी बूट. काकांचा डेस्कटॉप आला: गणपतीचा वॉलपेपर, ‘नवीन फोल्डर’ नावाची सहा फोल्डरं आणि ‘अर्जंट’ नावाचं एक, ज्यात २०११ नंतर काही ठेवलेलं नाही.

मग ‘नवीन हार्डवेअर सापडलं’च्या पिवळ्या फुग्यांची वरात. गेस्ट म्हणजे पाहुणा म्हणायचं, पण या पाहुण्याला आपण दुसऱ्याच्या घरी आलोय हेच माहीत नाही. अजून मिरजेतच आहोत असं धरून ती जुन्या वस्तू जुन्या जागी शोधते. या आठवड्यातली प्रत्येक अडचण याच जातीची होती.

घड्याळ बघितलं तर बरोबर साडेपाच तास मागे. भारतात हा आकडा दिसला की निदान करायलाही लागत नाही: होस्ट गेस्टला ग्रिनिचची वेळ देतो, एक्सपी तिला स्थानिक समजते. मशीनच्या व्याख्येत घड्याळ ‘लोकलटाइम’ केलं.

एक्सपीचा परवाना व्हॉल्यूमचा, म्हणजे घाऊक, आहे, त्यामुळे हार्डवेअर बदललं म्हणून पुन्हा सक्रिय करायची भानगड नाही. एवढं एक सुख.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. रात्रीच्या गाडीने मिरज, होस्टचं खोकं मांडीवर.

२२ जून

डोंगल. पुण्याहून यूएसबी-टू-पॅरलल केबल घेऊन आलो होतो. लावली, आणि पाच मिनिटांत कळलं की पैसे पाण्यात गेले. ती केबल होस्टला ‘मी प्रिंटर आहे’ एवढंच सांगते. छापायचा मजकूर एका बाजूने घेते, संपलं. डोंगलला पोर्टाच्या एकेका तारेशी बोलायचं असतं, कोणत्या पिनेवर आत्ता शून्य, कोणत्यावर एक. खरा पोर्टच हवा.

सांगलीत एका दुकानात पीसीआय-एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड मिळालं, धूळ बसलेल्या पाकिटात. लिनक्सने लगेच ओळखलं. कार्डाचा पत्ता पॅरलल पोर्टाच्या जुन्या, नेहमीच्या ३७८ पेक्षा वेगळा आहे, पण ते मधल्या थरात झाकलं जातं: क्यूईएमयू होस्टचा पोर्ट उचलतो आणि गेस्टला आपल्या बाजूने ३७८ वर दाखवतो. मशीनच्या व्याख्येत तीन ओळी घातल्या.

फॉन्टांचं पॅकेज उघडलं. ‘डोंगल सापडला नाही.’ काका मागे उभे होते. काही बोलले नाहीत, चहा सांगितला.

२३ जून

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नीट बघितलं तर प्रिंटर पोर्ट आहे, पण त्याचं नाव एलपीटी २. एकच पोर्ट, आणि तो दुसरा? मग पहिला कुठाय?

पहिला जुन्या बोर्डावर राहिला, पण त्याची नोंद इथेच आहे. एक्सपी न जोडलेली उपकरणं विसरत नाही, नुसती लपवते. ती दाखवायची एक युक्ती आहे: कमांडच्या खिडकीत एक व्हेरिएबल १ करायचा, तिथूनच डिव्हाइस मॅनेजर उघडायचा आणि ‘लपलेली उपकरणं दाखव’वर टिचकी. यादी एकदम तिप्पट झाली, सगळी नवी चित्रं फिकट राखाडी. भुतंच.

एलपीटी १ चं भूत तिथे नाव अडवून बसलं होतं. काढून टाकलं. नव्या पोर्टाच्या सेटिंगमध्ये क्रमांक एलपीटी १ केला. रीस्टार्ट. पॅकेज उघडलं, मेनू आले, डोंगल हाताला किंचित कोमट.

पण ती यादी बंद करवेना. जुना सीआरटी मॉनिटर, व्हीआयएचे यूएसबी पोर्ट, गेल्या पिढीचे दोन प्रिंटर, एक स्कॅनर जो काकांनी कधीच भंगारात दिला. आणि खाली पेन ड्राइव्ह. नवरा-नवरीचा फोटो, मंडळाचा लोगो, दुकानाचं नाव घेऊन जो जो माणूस आला, त्याच्या पेन ड्राइव्हचं भूत इथे आहे. साठपर्यंत मोजले, मग सोडलं. काका खुर्ची ओढून बसले आणि नावं वाचत राहिले, १२८ एमबीवाला तो पहिला कोणाचा होता ते त्यांना आठवत होतं. “यातल्या निम्म्यांनी व्हायरस आणलाय,” म्हणाले. पेन ड्राइव्हची भुतं मी काढली नाहीत. कोणाच्या वाटेत येत नाहीत.

२९ जून

फायली आत-बाहेर करण्याची सोय. गेस्टला इंटरनेट द्यायचं नाही, हे पहिल्यापासून पक्कं. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. फक्त होस्ट आणि गेस्ट असं बंद जाळं केलं, त्यावर सांबाचं (विंडोजला फायली देणारा लिनक्सवरचा प्रोग्राम) एक शेअर, म्हणजे सामायिक फोल्डर.

एक्सपीतून उघडलं की ‘दिलेलं नेटवर्क नाव आता उपलब्ध नाही’. नाव तर समोर आहे! भाषेचा घोळ. एक्सपीला एसएमबीची, म्हणजे पीसींनी एकमेकांना फायली द्यायच्या भाषेची, फक्त पहिली आवृत्ती येते, आणि सांबाने ४.११ पासून ती मुळातच बंद ठेवलीय, योग्य कारणांसाठी. त्या एका बंद जाळ्यापुरती चालू केली, सोबत पासवर्ड पडताळणीची जुनी पद्धतही. घरच्या वाय-फायच्या बाजूने सांबा ऐकतच नाही ना, ते दोनदा तपासलं.

पडद्यासाठी क्यूएक्सएलचा ड्रायव्हर टाकला, आता काकांना हवं ते रिझोल्यूशन मिळतं. क्लिपबोर्डही जोडला गेला. गंमत म्हणून गेस्टमधून एक ओळ उचलून होस्टवर चिकटवली: आत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, बाहेर टोपीवाले ए, उलटी प्रश्नचिन्हं आणि पौंडाची खूण.

३० जून

काका टायपिंगला बसले आणि मराठी येईना. पॅकेजमध्ये मराठी-इंग्रजी बदलायला स्क्रोल लॉक दाबावं लागतं. मी सुंदर, सुटसुटीत, नवा कीबोर्ड आणला होता आणि त्यावर स्क्रोल लॉक नाही.

मी पडद्यावरचा कीबोर्ड, कळ बदलायची साधनं वगैरे शोधत बसलो. काका आत गेले आणि जुना कीबोर्ड घेऊन आले, जांभळ्या गोल पिनेचा, ज्यावरची अर्धी अक्षरं पुसली गेलीत. नव्या बोर्डावर अर्धा जांभळा अर्धा हिरवा असा एक गोल पोर्ट आहे. लागला. प्रश्न मिटला.

६ जुलै, शनिवार

छपाई. गेस्टमधून पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर म्हणून होस्टच्या कप्सकडे (लिनक्सची छपाई सांभाळणारा प्रोग्राम) पाठवायचं, तिथून लेझरवर ट्रेसिंग पेपर, ज्यावरून छपाईची प्लेट बनते. पहिलं ट्रेसिंग आलं, मला छान वाटलं. काकांनी पट्टी लावली: वरची-खालची कटमार्कं, म्हणजे कागद कापायच्या खुणा, गायब. गेस्टमधल्या नव्या प्रिंटरचा कागद लेटर राहिला होता, २७९ मिलिमीटर उंचीचा. ए-४ हवा, २९७. बदललं. दुसरं ट्रेसिंग प्लेटला गेलं.

मग ती स्मरणिका. आता सांगणं भाग होतं. फाइल उघडली, पानं उलटत गेलो, चौदाव्या पानावर ‘बॅड रेकॉर्ड इंडेक्स’, फाइल खराब असल्याची पेजमेकरची तक्रार.

काकांना याचा इलाज माहीत होता, मला नव्हता. काहीही सिलेक्ट न करता कंट्रोल आणि शिफ्ट धरायचं आणि टाइप मेनूतलं हायफनेशन निवडायचं. पेजमेकर अख्खी फाइल तपासतो आणि निकाल बीपमध्ये देतो. एक बीप, दोष नाही. दोन, दोष होता, दुरुस्त केला. तीन, दोष आहे आणि दुरुस्त होत नाही.

काकांनी केलं. आम्ही दोघं कान देऊन बसलो. काहीच आवाज नाही.

मी गेस्टला साउंड कार्डच दिलं नव्हतं. प्रेसच्या मशीनला आवाज कशाला, असा विचार केला होता. मशीन बंद, एसी-९७ चं कार्ड जोडलं, होस्टला काकांच्या टीव्हीशेजारचे स्पीकर लावले, पुन्हा चालू. फाइल, कंट्रोल, शिफ्ट, हायफनेशन.

एक. दोन.

थांबलो. तिसरा आला नाही.

चौदावं पान उघडलं. मांडणी शाबूत, चौकटी जागेवर, मधले दोन परिच्छेद मात्र गेलेले. काकांनी पोटमाळ्यावरून स्मरणिकेची छापील प्रत काढली, झटकली, उजव्या हाताला उघडून ठेवली आणि स्क्रोल लॉक दाबलं.